ऐकूं येतें, पण पोंचत नाहीं
जुन्या वॉकीटॉकीच्या क्षीण प्रक्षेपणाची चिकित्सा



पावसाळ्याचे दिवस आहेत आणि सह्याद्रीच्या एखाद्या घाटावर दाट धुकें उतरलें आहे, अशी कल्पना करावी. वाट चुकलेल्या दोन मुलांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीचे दोन भाग झाले आहेत. एक भाग माथ्यावर थांबला आहे. दुसरा ओढ्याच्या कांठाकांठानें खालीं उतरला आहे. दोघांजवळहि वॉकीटॉकी, म्हणजे हातांत धरून बोलावयाचा बिनतारी संच आहे. खालच्या माणसास वरच्याचा शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकूं येतो. "कोठें आहांत? उत्तर द्या," ही हांक त्याला चार वेळां ऐकूं येते आणि चारहि वेळां तो बटण दाबून सांगतो, "मुलें सांपडलीं. एकाचा पाय मोडला आहे. डोली पाठवा." वर मात्र खरखरीपलीकडे कांहींच पोंचत नाहीं. माथ्यावरचे लोक समजतात, खालीं कोणी ऐकत नाहीं. आणि खालचा माणूस समजतो, वरचे लोक दुर्लक्ष करीत आहेत. अंधार पडावयास दीड तास उरलेला असतो.

प्रसंग कल्पित आहे. तक्रार मात्र खरी आणि नेहमींची आहे. दहा-पंधरा वर्षें वापरांत असलेले हातसंच ज्यांच्यापाशीं आहेत, ते गिर्यारोहक असोत, हौशी बिनतारी चालक असोत कीं कारखान्यांचे पहारेकरी असोत, त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतें: "संच ऐकतो उत्तम, पण त्याचें बोलणें पोंचत नाहीं." ह्या वाक्यांतील पूर्वार्धच माणसाला फसवितो. ज्या अर्थीं ऐकूं येतें, त्या अर्थीं संच धड आहे, असें तो धरून चालतो आणि दोष डोंगराला, हवेला किंवा पलीकडच्या माणसाला देतो. नाचतां येईना, अंगण वांकडें, अशांतला हा प्रकार होय.

हातांत मावणाऱ्या ह्या यंत्राचा जन्म युद्धकाळांतला. १९४१ सालीं शिकागो येथील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें अमेरिकन सैन्यासाठीं एससीआर-५३६ हा संच तयार केला. हीच कंपनी १९४७ पासून मोटोरोला ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. त्या संचांत पांच निर्वात नळ्या होत्या, वजन सव्वादोन किलोच्या आसपास होतें, आणि एरियल बाहेर ओढलें कीं संच सुरू होत असे. त्याची प्रक्षेपणशक्ति एका वॅटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक, आणि जमिनीवरचा पल्ला सुमारें एक मैल. 'वॉकीटॉकी' हें नांव मूळचें त्याचें नव्हे. तें १९४३ च्या सुमारास सैन्यांत आलेल्या, पाठीवर वाहावयाच्या एससीआर-३०० ह्या संचाचें. पुढें नळ्यांच्या जागीं ट्रान्झिस्टर आले, शक्ति पांच वॅटपर्यंत वाढली, संच खिशांत मावूं लागला आणि पाठीवरचें नांव हातांत आलें. परंतु बॅटरी, प्रक्षेपक व एरियल ही त्रयी तेव्हां होती तशीच आजहि आहे, आणि म्हातारपणाचीं दुखणींहि ह्या तिघांतच शोधावीं लागतात.

आधीं मूळ कोड्याचा उलगडा केला पाहिजे. एकाच संचाचा कान शाबूत राहतो आणि वाचा मात्र बसते, हें कसें? उत्तर सोपें आहे. ऐकणें हें स्वस्त काम आहे, बोलणें हें महाग. दूरवरून आलेल्या लहरीचा अतिसूक्ष्म अंश उचलून तो वाढविण्यास संचाला अँपिअरचा दहावा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक प्रवाह पुरतो. परंतु पांच वॅट शक्ति एरियलमधून बाहेर लोटावयाची, तर बॅटरीमधून सुमारें दहा वॅट ओढावे लागतात, कारण निम्मी शक्ति उष्णतेच्या रूपानें संचांतच जिरते. सव्वासात व्होल्टच्या बॅटरीवर ह्याचा अर्थ जवळजवळ दीड अँपिअर प्रवाह. म्हणजे बोलण्याचें बटण दाबतांच बॅटरीवरचा भार एकदम दहा-पंधरा पटींनीं वाढतो. म्हातारा माणूस अंगणांत आरामखुर्चीवर बसून गप्पा ऐकतो तोंवर ठणठणीत दिसतो. पाण्याची घागर उचलावयास सांगितली म्हणजे खरी प्रकृति कळते. जुन्या संचाचेंहि तसेंच आहे.

तथापि, एकदम बॅटरी बदलण्यास धांवणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असें व्हावयाचें नसेल, तर पहिला प्रश्न विचारावा तो हा: क्षीण झालें आहे तें नेमकें काय, लहर कीं आवाज? ह्या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. संच प्रथम एक मूक वाहक लहर सोडतो. बोलणाऱ्याचा आवाज त्या लहरीवर स्वार होऊन जातो. घोडा दमला आहे कीं स्वाराचा आवाज खोल गेला आहे, हें आधीं ठरवावें.

परीक्षा सोपी आहे आणि तिला कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. ओळखीच्या माणसास दुसरा संच देऊन थोडें दूर उभें करावें आणि त्याच्या संचांतील खरखर दाबून टाकणारी योजना उघडी ठेवावयास सांगावें, म्हणजे त्याला अखंड सळसळ ऐकूं येईल. आतां दुखणाईत संचाचें बटण दाबावें, पण बोलूं नये. पलीकडची सळसळ क्षणांत संपून शांतता पसरली, तर लहर जोमानें पोंचत आहे. मग बोलल्यावर शब्द बारीक येत असतील, तर दोष मायक्रोफोनच्या बाजूचा. उलट, बटण दाबूनहि सळसळ तशीच राहिली किंवा अर्धवटच कमी झाली, तर लहरच दुबळी आहे. मग मायक्रोफोनला कितीहि तोंड लावून ओरडलें तरी व्यर्थ. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा न केल्यामुळें कित्येक संच चुकीच्या ठिकाणीं उघडले जातात.

लहर दुबळी ठरली, तर शोधाचा क्रम बाहेरून आंत असावा: आधीं बॅटरी व एरियल, मग त्यांच्या जोडण्या, आणि सर्वांत शेवटीं संचाचें पोट.

बॅटरीचें वय तिच्या क्षमतेपेक्षांहि तिच्या अंतर्गत रोधांत दिसतें. निकेल-कॅडमियम, निकेल-मेटल-हायड्राइड किंवा लिथियम-आयन, कोणत्याहि जातीचा सेल घेतला, तरी वर्षें लोटतात तसा त्याच्या आंतील रोध वाढत जातो. नव्या बॅटरीचा हा रोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा असतो. जुनीचा एक ओहम झाला, असें समजूं. ऐकतांना, अँपिअरच्या दहाव्या हिश्शाला, ह्या रोधानें व्होल्टचा केवळ दहावा हिस्सा खाल्ला जातो. कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. परंतु बोलतांना दीड अँपिअरला दीड व्होल्ट जातो. सव्वासातांचे पावणेसहा उरतात, आणि प्रक्षेपणशक्ति विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटत असल्यामुळें पांच वॅटचे तीन-सव्वातीन राहतात. बॅटरी आणखी थकली म्हणजे बटण दाबतांच पडद्यावरचा दिवा मंदावतो, संच किर्र करून बंद पडतो किंवा पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. हीं बॅटरीचीं नेमकीं लक्षणें होत.

म्हणूनच मोकळ्या बॅटरीवर मल्टिमीटर लावून "साडेसात व्होल्ट दाखवितो, म्हणजे बॅटरी चांगली," असें म्हणणें निरर्थक आहे. दाब मोजावयाचा तो भार पडला असतांना, म्हणजे बटण दाबलेलें असतांना. ज्या संचांत दाब पडद्यावर दाखविण्याची सोय आहे, तेथें हें काम फारच सुलभ होतें. उपकरण नसेल, तर आणखी एक युक्ति आहे. बहुतेक संचांत शक्ति कमी-अधिक करण्याची सोय असते. अधिक शक्तीवर संच अडखळतो आणि कमी शक्तीवर मात्र सुरळीत चालतो, असें आढळलें, तर संशय सरळ बॅटरीवर किंवा तिच्या पितळी टोंकांवर घ्यावा. हीं टोंकें कळकलेलीं असलीं, तर तीं स्वतःच अर्धा-पाऊण ओहम रोध निर्माण करतात आणि नव्या बॅटरीलाहि म्हातारी करून टाकतात. पेन्सिलचें रबर आणि कापसाच्या बोळ्यावर थोडा स्पिरिट एवढ्या सामग्रीनें पुष्कळदां काम भागतें. जातां जातां, ही शक्तीची कळ चुकून खालच्या टोंकावर राहिली नाहीं ना, हेंहि पाहून घ्यावें. पुष्कळसे 'बिघाड' तेथेंच संपतात.

बॅटरीसंबंधीं दोन समज दुरुस्त केले पाहिजेत. निकेल-कॅडमियम सेलांना 'संवय' लागते, म्हणून ते वरचेवर पूर्ण रिकामे करावेत, असा उपदेश घरोघरीं ऐकूं येतो. क्वचित् असा रिकामा करण्याचा उपयोग होतो. परंतु वयामुळें वाढलेला रोध त्यानें कमी होत नाहीं, आणि मालेंत जोडलेले सेल फार रिकामे केल्यास त्यांतील सर्वांत दुबळा सेल उलट दिशेनें भारला जाऊन कायमचा बिघडतो. दुसरें असें कीं, फुगलेली लिथियम बॅटरी दाबून बसवूं नये, टोंचूं नये किंवा उघडूं नये. तिला आग लागूं शकते. ती वापरांतून काढून टाकणें हाच एक उपाय.

आतां एरियल. संचाच्या डोक्यावरचें रबरी वेष्टणाचें आंखूड एरियल दिसावयास गरीब असतें, पण सर्वाधिक मार तेंच खातें. वास्तविक १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरांहून थोडी अधिक असते आणि तिच्या पावपट, म्हणजे अर्ध्या मीटरचें एरियल तिला मानवतें. एवढी काठी खिशांत कशी मावावी? म्हणून तार मळसूत्रासारखी गुंडाळून वीतभर रबरांत कोंडलेली असते. संच पिशवींत कोंबतांना, एरियल धरून उचलतांना, तें कमरेशीं वांकवितांना ही तार बुडाशीं तुटते. वरचें रबर मात्र अखंड दिसत राहतें. जवळचीं जोरदार प्रक्षेपणें तुटक्या तारेंतूनहि ऐकूं येतात आणि माणूस पुन्हां फसतो. ह्यावर एकच खात्रीची परीक्षा: त्याच लहरीचें, त्याच जोडणीचें आणि चांगलें म्हणून माहीत असलेलें दुसरें एरियल लावून पाहणें. 'त्याच लहरीचें' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिसावयास सारखें पण दुसऱ्या लहरीचें एरियल लावल्यास शक्तीचा मोठा भाग बाहेर न पडतां उलट संचांत परततो.

एरियलच्या बुडाची जोडणी हेंहि एक आजाराचें घर आहे. मधली बारीक पिन आंत सरकते, तिच्यावर काट चढतो, आणि समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेंत तर हें फार लवकर होतें. त्याहून छुपा दोष म्हणजे जोडणी आंतील पाटीवर जेथें डाख देऊन बसविलेली असते, तो सांधा. एरियल ही एक तरफ आहे. तिच्या टोंकाला बसलेला प्रत्येक धक्का बुडाशीं कित्येक पटींनीं लागतो, आणि वर्षांनुवर्षांच्या धक्क्यांनीं डाखाला केसाएवढी भेग पडते. एरियल हलक्या हातानें डावींउजवीकडे हलविलें असतां पलीकडे आवाज येतो-जातो, असें झाल्यास दुसरा पुरावा शोधावयास नको. कुशल कारागिराच्या हातीं तो सांधा नव्यानें डाखला कीं संच पूर्ववत् बोलूं लागतो.

बॅटरी नवी आहे, एरियल बदलून पाहिलें आहे, जोडणी घट्ट आहे, तरीहि लहर दुबळीच, तर आंतल्या शक्तिवर्धक ट्रान्झिस्टरकडे वळावें लागतें. लहरीला अखेरचा जोर देणारा हा घटक अनुकूल एरियलवर वर्षांनुवर्षें टिकतो; पण एरियल न लावतां बटण दाबण्याची खोड त्याला भोंवते. बाहेर जाण्यास वाट नसलेली शक्ति माघारी येते, त्याचा दाब व उष्णता वाढवते आणि एखाद्या वेळीं तो पूर्ण न मरतां अधू होऊन राहतो. बोलणें व ऐकणें ह्यांमध्यें एरियल फिरविणारा डायोड बिघडला, तरी परिणाम तसाच दिसतो. १९९० च्या सुमाराच्या संचांत आणखी एक शत्रु आढळतो: पाटीवर सपाट बसविलेले त्या काळचे विद्युत्-संधारक गळतात आणि त्यांतील द्रव आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो.

येथें अंदाज संपतो आणि मोजमाप सुरू होतें. संचाला एरियलऐवजीं ५० ओहमचा बनावट भार आणि मध्यें शक्तिमापक जोडला, कीं प्रक्षेपक किती वॅट देतो तें आंकड्यांतच कळतें. अशा भारावर शक्ति पुरेशी भरली, तर संच निर्दोष आहे आणि गुन्हेगार एरियल. भरली नाहीं आणि बॅटरीहि नवी असली, तर दोष पोटांत. बनावट भार लहर बाहेर सोडत नाहीं, त्यामुळें परीक्षा चालूं असतां दुसऱ्या कोणाच्या संभाषणांत व्यत्यय येत नाहीं, हा त्याचा दुसरा गुण.

ह्या ठिकाणीं एक हिशेब लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण तो दुखण्याच्या मानानें कारण शोधावयास शिकवितो. शक्ति निम्मी झाली म्हणजे पल्लाहि निम्मा होतो, असें सामान्यतः वाटतें. तसें नाहीं. मोकळ्या अवकाशांत पल्ला निम्मा होण्यासाठीं शक्ति एक-चतुर्थांश व्हावी लागते. जमिनीलगत तर त्याहूनहि कमी. म्हणजे पांच वॅटचे तीन वॅट झाले, तर माळावरच्या माणसास फारसा फरक जाणवूं नये. तेव्हां पूर्वीं चार मैल पोंचणारा संच आतां चार फर्लांगहि पोंचत नसेल, तर थोड्याशा थकलेल्या बॅटरीवर तें पाप लादतां येणार नाहीं. एवढी पडझड तुटलेल्या एरियलची, भेगाळलेल्या सांध्याची किंवा मोडलेल्या ट्रान्झिस्टरची असावयाची. तेथें शक्ति शतांशावर आलेली असते. उलट, नेहमींच्या जागेवरून अलीकडे मधून मधून शब्द तुटूं लागले, एवढीच तक्रार असेल, तर बॅटरीपासून आरंभ करणें योग्य. ह्या संचांतील आवाज अंतराप्रमाणें हळूहळू मावळत नाहीं; तो एका कड्यापर्यंत स्वच्छ चालतो आणि मग एकदम कोसळतो. जो आधींच कड्याशीं उभा आहे, त्याला शक्तीची थोडी घटहि पुरते.

दोष संचाचा नसून जागेचा असण्याचाहि संभव असतो. ह्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. सपाट भूमीवर तोंडाशीं संच धरून उभ्या असलेल्या दोन माणसांमध्यें पृथ्वीचा बाकच सुमारें दहा किलोमीटरांनंतर आडवा येतो. झाडें, घरें, टेकड्या त्याच्याहि पुढें. हजार मीटर उंचीच्या माथ्यावरून मात्र हेंच क्षितिज शंभर किलोमीटरांपलीकडे जातें. म्हणून ओढ्यांतून बोलण्यापेक्षां पन्नास पावलें चढून बोलणें हें दुप्पट शक्तीपेक्षां मोलाचें. संच कमरेला लटकावून, बाहेरील मायक्रोफोनमध्यें बोलल्यास शरीर पुष्कळशी लहर पिऊन टाकतें. आणि संच आडवा धरल्यास उभ्या एरियलशीं त्याचें जमत नाहीं. संच चेहऱ्यापुढें धरावा, एरियल उभें ठेवावें, हा नियम फुकटचा आहे आणि म्हणूनच पाळला जात नाहीं.

लहर जोमदार पण आवाज बारीक, ह्या दुसऱ्या वर्गाचीं कारणें वेगळीं. मायक्रोफोनच्या टांचणीएवढ्या छिद्रांत धूळ, घाम व हळदकुंकवाएवढी बारीक माती सांचते. ती मऊ दांतघासणीनें काढावी. टोंचून काढण्याचा मोह टाळावा, कारण आंतला पडदा अतिशय नाजूक असतो. दुसरें कारण यंत्राच्या म्हातारपणाचें नसून काळाच्या पालटण्याचें आहे. पूर्वींचे संच २५ किलोहर्ट्झ रुंदीच्या मार्गांवर चालत. पुढें गर्दी वाढल्यामुळें ठिकठिकाणीं ती रुंदी १२.५ वर आली, आणि अमेरिकेंत तर धंदेवाईक संचांच्या बऱ्याच मार्गांवर १ जानेवारी २०१३ पासून ती सक्तीची झाली. अरुंद ठरविलेल्या संचाचें बोलणें रुंद ठरविलेल्या संचावर बारीक ऐकूं येतें. दोघेहि निरोगी असतात. त्यांचें केवळ जमत नाहीं. दोन्ही संचांची रुंदी एकच ठरविली कीं तंटा मिटतो.

कंपनसंख्येचें सरकणें हेंहि वयाचें चिन्ह होय. संचांतील स्फटिक वर्षांगणिक किंचित् सरकतो. दशलक्षांत पांच भाग एवढी चूक १४५ मेगाहर्ट्झवर सातशें-साडेसातशें हर्ट्झ भरते व खपून जाते. परंतु ४५० मेगाहर्ट्झवर ती सव्वादोन हजारांवर जाते, आणि अरुंद मार्गावर शब्द चिरकूं लागतात. कित्येक पुनःप्रक्षेपण-केंद्रें तर बोलण्याबरोबर एक मंद, कानाला न जाणवणारा सूर आल्याशिवाय दारच उघडत नाहींत. संचाच्या स्मरणांतून ह्या सुराची नोंद पुसली गेली असेल, तर लहर भरपूर असूनहि उत्तर येत नाहीं. हा क्षीणपणा नव्हे, किल्ली हरवल्याचा प्रकार आहे.

संच उघडण्याचें काम ज्याला त्याची विद्या आहे त्यानेंच करावें. शक्ति वाढविण्यासाठीं आंतले स्क्रू फिरविणें तर सर्वथा टाळावें; त्यानें लहर शेजारच्या मार्गांत घुसते आणि ट्रान्झिस्टरचें आयुष्य घटतें. शिवाय, मुक्त ठेवलेले अल्पशक्तीचे मार्ग सोडल्यास आपल्या देशांत असे संच वापरण्यास परवाना लागतो. हौशी चालकासहि परीक्षा देऊन तो मिळवावा लागतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा परवानाधारक हौशी चालकांसाठीं आहे. ही हौस पोरखेळ नव्हे, हें २००४ सालीं दिसून आलें. २६ डिसेंबर रोजीं सुनामीनें अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हां भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखालीं हौशी चालकांची एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथें आधींच प्रक्षेपणासाठीं गेलेली होती. त्यांचे संच चालूं स्थितींत होते, म्हणूनच अडकलेल्यांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोंचूं शकले.

तात्पर्य, क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम शक्तीची कळ पाहावी. मग मूक बटण दाबून लहर कीं आवाज तें ठरवावें. मग बॅटरी भाराखालीं तपासावी, मग एरियल बदलून पाहावें, मग जोडणी हलवून पाहावी. आणि एवढ्यानें न भागल्यास मोजमाप व कारागीर. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन एकदम बदलल्या, तर संच सुधारला तरी कारण कळत नाहीं. प्रत्येक बॅटरीवर ती घेतल्याची तारीख चिकटवून ठेवावी. महिन्यांतून एकदां, एका ठराविक जागेवरून दुसऱ्या ठराविक जागेपर्यंत बोलून पाहावें आणि कसें पोंचलें तें वहींत लिहावें. दुखणें हळूहळू येत असतें, तेव्हां माणसाची आठवण त्याला सरावून जाते. वही सरावत नाहीं.

घाटावरची ती तुकडी निघण्यापूर्वीं पायथ्याच्या गांवांत पांच मिनिटें थांबली असती, तर? एकानें शाळेच्या आवारांत उभें राहावयाचें, दुसऱ्यानें नदीच्या पुलापलीकडे जावयाचें, आणि दोघांनींहि एकमेकांना केवळ ऐकावयाचें नाहीं, तर ऐकलेलें परत म्हणून दाखवावयाचें. "ऐकूं येतें का?" ह्या प्रश्नाला "येतें" हें उत्तर पलीकडून यावयास हवें, आपल्या कानांचा पुरावा तेथें चालत नाहीं. त्या पांच मिनिटांत दुबळी बॅटरी पिशवींत परत गेली असती आणि नवी संचांत चढली असती. आणि ओढ्याकांठच्या माणसानें डोली मागितली, तेव्हां ती पहिल्याच हांकेला निघाली असती.